चुंबक खरा, पण दावा किती खरा?

वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती आणि खासगी दवाखान्यांबाहेरचे फलक यांत गेल्या काही वर्षांत ‘चुंबकीय उपचार’ हे शब्द वारंवार दिसू लागले आहेत. औषधांविना नैराश्य घालवू, पक्षाघाताने लुळा पडलेला हात हलवू, स्वमग्न मुलाला बोलते करू, खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास खुर्चीत नुसते बसवून थांबवू, व्यायामाशिवाय पोट सपाट करू... आश्वासनांची यादी लांबतच चालली आहे. गंमत अशी की यातले सगळेच खोटे नाही. काही दाव्यांमागे चांगले संशोधन आहे, काहींमागे अर्धेमुर्धे आहे आणि काहींमागे सांगण्यासारखे काहीच नाही. पण यंत्र साधारण एकाच तत्त्वावर चालणारे आणि शब्दही एकच. त्यामुळे खरा दावा खोट्याला आपली पत उसनी देतो आणि पैसे मोजणाऱ्या रुग्णाला दोहोंतला फरक कळत नाही.

गादीतला चुंबक आणि यंत्रातला चुंबक

पहिला गोंधळ ‘चुंबक’ या शब्दापासूनच सुरू होतो. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ओळखीपाळखीतून विकली गेलेली चुंबकीय गादी, मनगटातले चुंबकीय कडे किंवा चुंबकावर ठेवलेल्या बाटलीतले पाणी कधी ना कधी येऊन गेलेले असते. ‘चुंबक रक्तातले लोह खेचतो, त्यामुळे रक्ताभिसरण सुधारते,’ असे ते विकताना सांगितले जाते. प्रत्यक्षात हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही. तसे होत असते, तर एमआरआयच्या बोगद्यात शिरलेला माणूस सुखरूप बाहेर आलाच नसता. तिथे दीड ते तीन टेस्ला इतके प्रचंड चुंबकीय क्षेत्र असते. गादीतला चुंबक त्याच्यापुढे अगदीच दुबळा.

वैद्यकात वापरले जाणारे चुंबकीय उद्दीपन ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिचे मूळ मायकेल फॅरेडे यांच्या १८३१मधल्या शोधात आहे. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच जवळच्या वाहकात वीजप्रवाह निर्माण होतो. या नियमातला महत्त्वाचा शब्द आहे ‘बदलत’. स्थिर चुंबक कितीही वेळ पाठीखाली ठेवला तरी क्षेत्र बदलत नाही आणि मज्जातंतूला उद्दीपित करील असा प्रवाहही निर्माण होत नाही. उलट उपचाराच्या यंत्रात विद्युतभार साठवून तो तांब्याच्या वेटोळ्यातून एका झटक्यात सोडला जातो. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात हजारो अँपिअरचा प्रवाह वेटोळ्यातून जातो आणि त्याभोवती दीड ते दोन टेस्लाचे क्षेत्र उसळून ओसरते. शरीरातले द्रव खारट, म्हणजे वीजवाहक. त्यामुळे वेटोळ्याजवळच्या ऊतींमध्ये क्षणभर विद्युतक्षेत्र तयार होते आणि तिथला मज्जातंतू संदेश पाठवतो. शरीराच्या दृष्टीने हे काम शेवटी विजेचेच. चुंबक ही ती आत पोहोचवण्याची वाट.

ही वाट महत्त्वाची का? कारण कवटीचे हाड विजेला मोठा अडथळा करते. डोक्याला इलेक्ट्रोड लावून बाहेरून वीज द्यायची, तर आत पोहोचण्याआधीच त्वचेला असह्य वेदना होतात. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड आडवे येत नाही. म्हणून भूल न देता, सुई न टोचता, खुर्चीत बसलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूचा वरचा थर उद्दीपित करता येतो. याला मर्यादाही आहे. अंतराबरोबर क्षेत्र झपाट्याने क्षीण होत जाते. नेहमीच्या वेटोळ्याचा थेट परिणाम साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो. ‘मेंदूच्या गाभ्यापर्यंत’ असा दावा कुणी सरसकट करत असेल, तर तो तपासूनच घ्यावा.

शेफिल्डमधले बोट

ही कल्पना नवी नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९६मध्ये नोंदवले होते की, प्रत्यावर्ती वीज वाहणाऱ्या मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवले की डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो. पण खरी सुरुवात झाली ती १९८५ साली. इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तीच्या डोक्यावर, हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागावर वेटोळे धरले आणि त्या व्यक्तीचा हात आपोआप हलला. सुरुवातीचा उपयोग निदानापुरता होता. मेंदूपासून स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला किती वेळ लागतो, मधल्या मार्गात कुठे बिघाड आहे का, हे त्यावरून कळते.

पुढे लक्षात आले की एकेक स्पंद देण्याऐवजी ते ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा दिले, तर त्या भागाची उत्तेजनक्षमता काही काळ बदललेली राहते. ढोबळमानाने सांगायचे तर सेकंदाला एक स्पंद या संथ लयीने ती घटते आणि सेकंदाला दहा स्पंद अशा जलद लयीने वाढते. इथून निदानाच्या यंत्राचे उपचाराचे यंत्र झाले. ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस, हे त्याचे आजचे नाव.

नैराश्य : आधार भक्कम, पण जादू नव्हे

चुंबकीय उद्दीपनाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला तो नैराश्यावर. औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८मध्ये अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५मध्ये सांगितले की, या उपचारात सुरक्षिततेची मोठी चिंता नाही आणि अल्पकालीन गुणाचा पुरावा पुरेसा आहे. मंत्रचळ म्हणजे ओसीडीसाठी २०१८मध्ये, धूम्रपान सोडवण्यासाठी २०२०मध्ये आणि १५ ते २१ वयोगटातल्या नैराश्यग्रस्तांसाठी पूरक उपचार म्हणून २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण मान्यता म्हणजे हमखास गुण नव्हे. अमेरिकेत सरकारी निधीतून झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९० रुग्ण होते. खरे उद्दीपन मिळालेल्यांपैकी १४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. हुबेहूब तसाच टकटक आवाज करणारे, पण क्षेत्र न पोहोचवणारे नकली वेटोळे लावलेल्यांत हे प्रमाण होते ५ टक्के. फरक खरा होता, पण जाहिरातीत शोभेल इतका मोठा नव्हता. २०१८मध्ये अमेरिकेतल्या १६४ माजी सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात खऱ्या उपचाराने ४१ टक्के बरे झाले आणि नकली उपचाराने ३७ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्समध्ये ८९ रुग्णांवर झालेली आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. किमान दोन औषधांनी गुण न आलेल्या या रुग्णांपैकी काहींचे औषध बदलले गेले, तर काहींना चुंबकीय उद्दीपन दिले गेले. उद्दीपनाने २७ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त झाले, औषध बदलून ५ टक्केच.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, औषधे बदलून बदलून थकलेल्या रुग्णासाठी हा खरोखरच विचारात घेण्यासारखा पर्याय आहे. दोन, नकली उपचारानेही लक्षणीय संख्येने लोकांना बरे वाटते. रोज दवाखान्यात येणे, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणे, मोठे यंत्र, मोठी आशा या सगळ्यांचा मिळून परिणाम होतो. चुंबकाच्या इतिहासात हा धडा जुना आहे. अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करत असे. १७८४मध्ये राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. समितीने रुग्णांना अंधारात ठेवून परीक्षा घेतली. चुंबकत्व दिले जात आहे असे ज्यांना वाटले त्यांना झटके आले, पण न सांगता ज्यांना ते दिले गेले त्यांना काहीच झाले नाही. म्हणून ‘आमच्याकडे इतक्या जणांना फरक पडला’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. नकली उपचाराच्या तुलनेत किती फरक पडला, हाच प्रश्न विचारायला हवा.

वेळेचे गणित

नैराश्याचा नेहमीचा उपचारक्रम म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. दर वेळी अर्धा-पाऊण तास. पुण्यात नोकरी करणाऱ्यालाही हे जड जाते. बीड किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला तर महिना-दीड महिना शहरात खोली घेऊनच राहावे लागेल. त्याच्या सोबतीला येणाऱ्याची मजुरी बुडेल ती वेगळीच. त्यामुळे या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी संशोधन कोणते, तर वेळ कमी करणारे. कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत २०१८मध्ये दिसून आले की, साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीइतकाच गुण सुमारे तीन मिनिटांच्या ‘थीटा बर्स्ट’ पद्धतीने येतो. एका यंत्रावर दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण तपासता येतील, असा याचा सरळ अर्थ.

त्याच्याही पुढचे पाऊल अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने टाकले. दिवसाला दहा वेळा, असे पाचच दिवस. या पद्धतीत खऱ्या उपचाराने ७९ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त झाले, नकली उपचाराने १३ टक्के. २०२२मध्ये तिला अमेरिकेत मान्यताही मिळाली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्या चाचणीत रुग्ण होते अवघे २९. प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय काढून नेमकी जागा ठरवण्यावर या पद्धतीचा भर आहे. मात्र एमआरआयमधून मेंदूतल्या जोडण्या पाहून जागा ठरवल्याने खरेच जास्त गुण येतो का, हे तपासणारी २५५ रुग्णांची ब्रिटिश चाचणी २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे उपचार रोजच्या संथ क्रमाने दिले होते आणि दोन गटांत फरक आढळला नाही. ‘पाच दिवसांत नैराश्यमुक्ती’ हा फलक पाहताना हे दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

पक्षाघात आणि स्वमग्नता : आशेचा बाजार

सर्वांत जास्त सावध राहायला हवे ते इथे. पक्षाघातानंतर निरोगी बाजूचा मेंदू बाधित बाजूला दाबून ठेवतो, म्हणून निरोगी बाजूला संथ लयीने शांत करावे, अशी एक सुसंगत कल्पना होती. छोट्या अभ्यासांत ती चालली. मग अमेरिकेत १९९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २०१८मध्ये निष्कर्ष आले. खरे उद्दीपन आणि व्यायाम मिळालेल्यांपैकी ६७ टक्क्यांच्या हाताची हालचाल अर्थपूर्ण रीतीने सुधारली. नकली उद्दीपन आणि तोच व्यायाम मिळालेल्यांत ६५ टक्क्यांची. म्हणजे त्या चाचणीत गुण आला तो फिजिओथेरपिस्टच्या मेहनतीने. संशोधन थांबलेले नाही, वेगळ्या पद्धती तपासल्या जात आहेत. पण फिजिओथेरपीचे पैसे यंत्राकडे वळवून कुटुंबाने व्यायाम मागे टाकला, तर तोटा रुग्णाचाच. कारण पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेसाठी सर्वांत मोलाचे असतात.

इथे शरीररचनेतला एक बारकावाही महत्त्वाचा आहे. हाता-पायावर वेटोळे धरले की स्नायू आखडतो, पण यंत्र सहसा थेट स्नायूला नव्हे, तर त्याच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला उद्दीपित करते. स्नायूला थेट जागवायला त्याहून खूप जास्त ताकद लागते. म्हणून अपघातात ज्याचा मज्जातंतूच तुटला आहे, त्याच्या स्नायूवर या यंत्राचा फारसा परिणाम होत नाही. दवाखान्यात यंत्राखाली पाय उडाला म्हणजे रुग्ण उद्या चालेल, असेही नाही. बाहेरून दिलेल्या झटक्याने झालेली हालचाल आणि स्वतःच्या इच्छेने केलेली हालचाल यांत मोठे अंतर आहे.

स्वमग्नतेबाबत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यताच दिलेली नाही. अभ्यास चालू आहेत, पण मुलाच्या बोलण्यात, सामाजिक व्यवहारात टिकाऊ फरक पडतो असे म्हणण्याइतका पुरावा जमलेला नाही. पालकांची अगतिकता समजण्यासारखी आहे. तिच्यावर डोळा ठेवून महागडी ‘पॅकेजेस’ विकणे मात्र समर्थनीय नाही.

खुर्चीबद्दल मोकळेपणाने

ज्या त्रासाबद्दल स्त्रिया घरातही बोलत नाहीत, तिथे या तंत्राचा उपयोग होऊ शकतो. बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि खोकताना, हसताना, जड उचलताना लघवी सुटते. आसनाखाली वेटोळे बसवलेल्या खुर्चीला अमेरिकेत १९९८मध्येच परवानगी मिळाली होती. कपडे न काढता बसायचे, वेटोळे त्या स्नायूंच्या मज्जातंतूंना उद्दीपित करते आणि स्नायू पुन्हा पुन्हा आखडतात. मलेशियात १२० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन महिन्यांत १६ वेळा उपचार दिले गेले. खऱ्या उपचाराला ७५ टक्के स्त्रियांनी प्रतिसाद दिला, नकली उपचाराला सुमारे २२ टक्के स्त्रियांनी. यातला ‘प्रतिसाद’ म्हणजे त्रासात ठरावीक घट, पूर्ण सुटका नव्हे.

तरीही पहिला उपाय खुर्ची नाही. तेच स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम जाणकार फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून तीन महिने नेमाने केला, तर अनेकींना पुरेसा गुण येतो आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. ज्यांना तो व्यायाम जमत नाही, नेमका कुठला स्नायू आवळायचा हेच कळत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची हा पुढचा पर्याय. तांबी बसवलेली असेल, गर्भधारणा असेल किंवा पेसमेकर असेल, तर आधी सांगायलाच हवे.

परवाना कशाचा, विमा कशाचा

भारतात १ एप्रिल २०२०पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांप्रमाणे नियमनाखाली आली. त्यामुळे ‘आमचे यंत्र मान्यताप्राप्त आहे’ हे वाक्य बहुधा खरे असते. पण यंत्राला परवाना असणे आणि ते त्या रुग्णाच्या त्या आजारावर उपयोगी असल्याचे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्यासाठी तपासलेले यंत्र स्वमग्नतेसाठी वापरले, म्हणून पहिल्या आजारातला पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. जाहिरातींपुरता कायदाही जुनाच आहे. १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघात आणि अपस्मार ही नावे आहेत. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

जिथे पुरावा आहे, तिथे उलट अडचण आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की, विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९मध्ये वगळता न येणाऱ्या बारा आधुनिक उपचारांची यादी दिली. त्यात मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, पण टीएमएसचे नाव नाही. शिवाय हा उपचार बाह्यरुग्ण विभागात होतो आणि बहुतेक पॉलिसी दाखल होण्याशी बांधलेल्या असतात. परिणामी औषधांनी गुण न आलेल्या रुग्णाचा सर्वांत लांब चालणारा खर्च त्याच्या खिशातूनच जातो. मग हा उपचार ज्याला गरज आहे त्याच्यापेक्षा ज्याला परवडतो त्याच्याकडे जातो.

धोरणाचा विचार करताना आणखी एक आकडा विसरता येत नाही. बेंगळूरुच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. टीएमएस आहे ते औषधांचा उपयोग न झालेल्यांसाठी. इथे बहुसंख्यांना पहिली गोळी आणि पहिले समुपदेशनच मिळालेले नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यंत्र बसवणे ही आजची पहिली गरज नाही. पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तीन मिनिटांच्या पद्धतीने चालणारी यंत्रे, प्रशिक्षित कर्मचारी आणि निकालांची उघड नोंद एवढे असले, तरी खासगी बाजाराला एक तुलना उभी राहील. दरांनाही आणि दाव्यांनाही.

खुर्चीत बसण्यापूर्वी

तोवर रुग्णाने आणि नातेवाइकांनी काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. निदान कोणी केले? मनोविकार किंवा मेंदूविकार तज्ज्ञ स्वतः तपासणार का? याच आजारासाठी नकली उपचाराशी तुलना केलेली चाचणी झाली आहे का? किती वेळा यावे लागेल, एकूण खर्च किती आणि निम्म्या उपचारानंतरही फरक नसेल तर काय? चालू औषधे कोणाच्या सल्ल्याने सुरू राहतील? ‘औषधे बंद करा आणि इकडे या’ असे सांगणारा दवाखाना टाळलेलाच बरा.

सुरक्षिततेच्या बाबतीत हा उपचार सौम्य आहे. डोके दुखणे, टाळूवर टोचल्यासारखे होणे हे नेहमीचे त्रास. आकडी येण्याचा धोका हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी, पण आधी फिट आलेली असेल तर सांगणे आवश्यक. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर हा उपचार सहसा देत नाहीत. वेटोळ्याचा आवाज मोठा असल्याने कानात बोळे हवेतच. आणि जीव देण्याचे विचार तीव्र असतील, खाणेपिणे सुटले असेल, तर काही आठवडे चालणाऱ्या उपचाराची वाट पाहू नये. अशा वेळी भूल देऊन केली जाणारी विद्युतउपचार पद्धती, जिला लोक अजूनही भीतीने ‘शॉक’ म्हणतात, ती अधिक परिणामकारक आहे. तातडीने बोलायचे असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.